कॅम्पर ट्रेलरमधलं फडताळ आणि ओटा : हलकं साहित्य कोणतं घ्यावं?

माळरान

नमस्कार मंडळी. ॲडलेडहून लिहितोय. गेल्या वर्षी गाडीमागे ओढायचा एक जुना कॅम्पर ट्रेलर विकत घेतला. सात बाय चार फुटांची लोखंडी पेटी आणि तिच्या झाकणावर उलगडणारा तंबू, एवढंच. आत एकही कप्पा नाही. डबे, पातेली, दोऱ्या, पाण्याचे कॅन सगळं एकमेकांवर रचून नेतो आणि रात्री काडेपेटी सापडत नाही.

जुलैमध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियातला ऊदनादत्ता ट्रॅक हा वाळवंटी रस्ता करायचा आहे. मारी ते मार्ला, साधारण ६२० किलोमीटर, जवळजवळ सगळा मातीचा. सांगलीहून आई येणार आहे, शिवाय आम्ही दोघं आणि दोन मुलं. ज्यांनी असे रस्ते पाहिले नसतील त्यांच्यासाठी सांगतो, पन्हाळी पत्रा जमिनीवर अंथरावा तशा आडव्या लाटा रस्त्यावर तयार झालेल्या असतात. तासन् तास सगळं थरथरत राहतं.

आता मुद्दा वजनाचा. रिकामा ट्रेलर ८२० किलो. पाटीवर कमाल वजन १२०० किलो लिहिलंय (इथे त्याला एटीएम म्हणतात). म्हणजे हातात ३८० किलो. बायकोने आणि मी बसून यादी केली:

पाणी ६० लिटर, म्हणजे ६० किलो. फ्रीज भरलेला ३५. शिशाची बॅटरी २८. गॅसची छोटी टाकी भरलेली ९. पेट्रोलचा कॅन १८. शिधा ३०. हत्यारं २०. अंथरुणं, खुर्च्या, टेबल ४०. बाहेरचा मांडव आणि त्याच्या कनाती ३५. गाडी चिखलात रुतली तर काढायचं सामान १५.

बेरीज २९०. फडताळ, खण आणि ओटा मिळून ९० किलोंत बसायला हवं. गावाकडच्या सुतारकाकांना फोनवर विचारलं, ते म्हणाले १८ मिमी मरीन प्लाय (पाण्यात टिकणारा) घे, डोळे झाकून. मी हिशेब केला तर नुसत्या प्लायचेच ९४ किलो होतात, साडेसात चौरस मीटर लागणार आहे. खणांची चॅनल, बिजागऱ्या, सनमायका धरलं तर १३०.

तुम्ही काय वापराल? इथे काय मिळतं ते मी शोधेन, पण कोणत्या दिशेने शोधू ते सांगा.

सुतारपक्षी

माळरान, तुमच्या काकांचा सल्ला घरच्या ओट्यासाठी अगदी बरोबर आहे. घराचा ओटा जागचा हलत नाही, आणि त्याखाली पाणी सांडतं. ट्रेलरचं गणित वेगळं.

प्लाय हा एकच पदार्थ नाही, ही पहिली गोष्ट. आपल्याकडे आयएस ७१० या भारतीय मानकाचा मरीन प्लाय बहुतेक गर्जन किंवा तत्सम जड लाकडाचा असतो. घनता साधारण ७०० किलो प्रति घनमीटर. आठ बाय चारचं १८ मिमी शीट ३७ किलोंच्या आसपास जातं, १२ मिमीचं २५. तेच १२ मिमी शीट पॉप्लर नावाच्या हलक्या लाकडाचं असेल तर पंधरा-सोळा किलो. ओकुमे नावाचं आफ्रिकेतलं लाकूड आहे, होड्यांसाठी वापरतात, ते पॉप्लरपेक्षा थोडं जड पण टिकाऊ. ऑस्ट्रेलियात हूप पाइनचा प्लाय मिळतो, चांगला असतो, पण तो ५५० च्या घरात.

दुकानदार "लाइटवेट" म्हणतो त्यावर विसंबू नका. एक फूट बाय एक फूट तुकडा कापून मागा आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवा. १२ मिमीचा तुकडा ४८० ग्रॅमच्या आसपास भरला तर तो पॉप्लर. ७८० भरला तर तोच जुना जड प्लाय. पूर्ण शीटचं वजन हवं असेल तर ३२ ने गुणा. भारतातल्या वाचकांसाठी : हरियाणातल्या यमुनानगरकडून येणाऱ्या पुष्कळ प्लायमध्ये पॉप्लरबरोबर निलगिरीचे थर असतात. ते शीट वाईट नसतं, पण हलकं नसतं. म्हणून काटा.

दुसरी गोष्ट कोणी सांगत नाही म्हणून मी सांगतो. सनमायका. १ मिमी सनमायकाचं एक पूर्ण शीट चार किलोंच्या वर जातं. एकाच बाजूला लावलं तर फळी वाकते, म्हणून सुतार दोन्ही बाजूंना लावतो. झाले साडेआठ किलो. पंधरा किलोंचं शीट मेहनतीने शोधून आणायचं आणि त्याच्यावर साडेआठ किलो चिकटवायचे, यात काय मिळवलं? पाण्याच्या पॉलियुरेथेन वार्निशचे तीन हात द्या, मधे बारीक पॉलिश पेपर मारा. सनमायकाच्या मानाने वार्निशचं वजन फारसं नसतं, त्यातलंही पाणी उडून जातं.

वेल्डिंगवाला_कोल्हापूर

दादा, लाकडाच्या मागं कशाला लागताय? ॲल्युमिनियमचा सांगाडा करा आणि वर पातळ पत्रा नाहीतर पातळ प्लाय मारा.

२५ बाय २५ चा चौकोनी पाईप, दीड मिमी जाडीचा ॲल्युमिनियम, मीटरला ३८० ग्रॅम. तसाच लोखंडी घेतला तर मीटरला ११०० ग्रॅमच्या वर. तुमच्या पेटीला सोळा-सतरा मीटर पाईप लागंल. म्हणजे सगळा सांगाडा साडेसहा किलो. त्यावर ३ मिमी प्लायचे पडदे.

पण एक गोष्ट जीव तोडून सांगतो. वेल्डिंग करू नका. मी रोज वेल्डिंगच करतो, तरी सांगतोय. ६०६१ टी-६ जातीच्या ॲल्युमिनियम पाईपला झाळलं की सांध्याच्या शेजारची जागा मऊ पडते, ताकद जवळजवळ निम्मी होते. आणि ॲल्युमिनियमचा स्वभाव लोखंडासारखा नाही. लोखंडाला एका मर्यादेच्या आत कितीही वेळा हलवा, ते धरतं. ॲल्युमिनियमला तशी मर्यादा नाही. थोडं थोडं हलवत राहिला तर कधी ना कधी चिरतंच. आमच्याकडं एका फिरत्या नाष्ट्याच्या गाडीचं शेल्फ आलं होतं, सांधा देखणा होता, चीर बरोबर सांध्याला लागून अर्ध्या सेंटिमीटरवर. मी स्वतःच झाळलेला होता तो सांधा. त्या दिवसापासून हलत्या गाडीत ॲल्युमिनियमला रिवेट आणि कोपऱ्यात त्रिकोणी पट्टी, एवढंच करतो.

रिवेट पण ॲल्युमिनियमचे घ्या. स्टेनलेसचा स्क्रू ॲल्युमिनियममध्ये घातला आणि तिथं खारं पाणी लागलं की पांढरी पूड धरते, भोक मोठं होत जातं. घालायचाच झाला तर मधे नायलॉनचा वॉशर पाहिजे.

चाकण_एक्सप्रेस

वर दोघांनी छान लिहिलंय. मी गाड्यांच्या सुट्या भागांच्या डिझाइनमध्ये काम करतो, त्या बाजूने थोडं.

फळीचा ताठपणा जाडीच्या घनाप्रमाणे वाढतो. ९ मिमीऐवजी १२ मिमी घेतली तर जाडी १.३३ पट, दीडपटही नाही, पण ताठपणा २.३७ पट. म्हणून ९ मिमी जड प्लाय (चौरस मीटरला ६.३ किलो) आणि १२ मिमी पॉप्लर (५.२ किलो) यांत निवडायचं तर पॉप्लर वजनाला कमी आणि वाकायलाही कमी, जड लाकूड मुळात जास्त कणखर असलं तरी. घरी आपण "मजबूत" म्हणजे "जड" असं धरतो. ट्रेलरमध्ये ते सोडून द्यावं लागतं. इथे जड वस्तू स्वतःच स्वतःचा शत्रू होते, कारण प्रत्येक खड्ड्यात तिचंच वजन तिच्या सांध्यांवर आदळतं.

त्यामुळे भार कुठून कुठे जातो ते आधी कागदावर काढा. फ्रीजचं वजन खणाच्या तळावर, तिथून चॅनलवर, तिथून उभ्या फळीवर, तिथून ट्रेलरच्या लोखंडी तळाला. या वाटेवरचे भाग भक्कम हवेत. बाकीचे भाग फक्त वस्तू इकडून तिकडे जाऊ नयेत एवढ्यासाठी असतात, ते कागदासारखे पातळ चालतील. उभ्या फळ्यांच्या मधोमध मोठे गोल किंवा अंडाकृती गाळे कापून टाका, कोपरे मात्र गोलसर ठेवा. चौकोनी कोपऱ्यातून चीर सुरू होते.

खाचांचं ॲल्युमिनियम प्रोफाइल (कारखान्यात मशीनच्या जाळीला असतं ते) अनेकांना आवडतं. जोडायला सोपं, चुकलं तर उघडून पुन्हा करता येतं. मी स्वतः त्याचा चाहता आहे. ४० बाय ४० घेऊ नका, ते मीटरला दीड किलोच्या वर जातं. २० बाय २० अर्ध्या किलोच्या आत आहे.

वेल्डिंगवाला_कोल्हापूर

साहेब, प्रोफाइलवर माझा आक्षेप आहे. पाईपपेक्षा जड, वर प्रत्येक कोपऱ्याला दोन कंस, चार बोल्ट, खाचेत बसणारे चार टी-नट. तसले वीस कोपरे मोजा, दोन-तीन किलो नुसते नटबोल्ट. आणि थरथरीत ते नट सैल होणार. कारखान्यात फरशीवर उभं असलेल्या मशीनचं वेगळं.

चाकण_एक्सप्रेस

मान्य आहे. बोल्टला लॉकटाइट (आटे धरून ठेवणारा डिंक) लावून, शंभर किलोमीटरवर एकदा किल्ली फिरवून ते सांभाळता येतं, पण सहाशे किलोमीटरच्या ट्रॅकवर दर मुक्कामाला वीस कोपरे तपासणं हे सुट्टीतलं काम नव्हे. माळरान, फ्रीजच्या खणाभोवती तेवढं प्रोफाइल विचारात घ्या, बाकी रिवेट.

होडीवाला

रत्नागिरीला फायबरच्या होड्या करतो. मला या धाग्यावर राहवलं नाही, कारण तुम्ही ज्या प्रश्नाशी झगडताय तो आमचा रोजचा आहे : हलकं हवं, पाण्यात टिकायला हवं आणि आदळआपट सोसायला हवी.

सांगाडा कशाला हवा? कोपरा हाच सांगाडा होऊ शकतो. ४ मिमी ओकुमे प्लायच्या फळ्या घ्या. काठाला बारीक भोकं पाडून तांब्याच्या तारेने टाके घाला, शिवल्यासारखे. मग आतल्या कोपऱ्यात इपॉक्सीची घट्ट लापशी भरून चमच्याच्या पाठीने गोलाई द्या आणि त्यावर काचेच्या कापडाची पट्टी बसवा. वाळलं की तारा काढा. एकही स्क्रू नाही, त्यामुळे सैल व्हायला काहीच नाही. तीस सेंटिमीटर रुंद, पन्नास लांब असा खण माझ्याकडे दीड किलोंच्या आत होतो आणि त्यात वीस किलो सामान बिनधास्त राहतं.

मोठ्या सपाट भागांसाठी सँडविच करा. मधे २५ मिमी एक्सपीएस फोम (थर्माकोलचाच घट्ट भाऊ), दोन्ही बाजूंना ३ मिमी प्लाय. फोमचं वजन चौरस मीटरला किलोही नाही. दोन कातड्यांचे तीन, डिंकाचा अर्धा. साडेचार किलोंत एकतीस मिमी जाडीची फळी! त्यावर मोठा माणूस उभा राहिला तरी ती दबत नाही. फोमचं काम एकच, दोन कातड्यांना एकमेकांपासून दूर धरून ठेवणं.

पण हे काम करणारे तीन ठिकाणी फसतात, म्हणून नीट वाचा.

एक, पॉलिएस्टर रेझिन फोमला लावू नका. त्यातलं स्टायरीन एक्सपीएसला आणि थर्माकोलला खाऊन टाकतं, डोळ्यांदेखत खड्डा पडतो. सनमायकाचं पिवळं सोल्युशनही तेच करतं. इपॉक्सी किंवा पॉलियुरेथेनचा डिंक वापरायचा. मी शिकाऊ असताना एका दुपारी आख्खी फळी अशी घालवली होती.

दोन, जिथे बिजागरी, खिट्टी किंवा चॅनल येणार तिथे फोम काढून आधीच लाकडाचा ठोकळा बसवा. फोममध्ये स्क्रू धरत नाही. नंतर आठवून उपयोग नाही, फळी बंद झालेली असते. म्हणून चित्र काढून ठोकळ्यांची मापं त्यावर लिहा.

तीन, काठ उघडे ठेवू नका. प्लाय काठातूनच पाणी पितो. पॉप्लरला तर पाणी आणि कीड दोन्ही लवकर लागतं. पातळ इपॉक्सी काठाला दोनदा पाजा. आमच्या बाजूला पांगारा हलका म्हणून प्रसिद्ध, सावंतवाडीची लाकडी फळं पूर्वापार त्याची करत आले आहेत, पण रंग न दिलेला पांगारा पावसाळ्यात बघा काय होतो ते. हलक्या लाकडाला अंगरखा लागतोच.

घाटमाथा

मी नाशिकहून. पिकअपच्या मागे स्वयंपाकाची पेटी केली आहे, ट्रेलर नाही, पण त्रास तोच. कोणी सुचवण्याआधी डब्ल्यूपीसी (लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक यांचा बोर्ड) आणि पीव्हीसी फोम बोर्डबद्दल सांगतो, कारण दुकानात "वॉटरप्रूफ, हलकं, वाळवी लागत नाही" म्हणून तेच पुढे करतात.

मी १८ मिमी घेतलं. घरी आणून काट्यावर ठेवलं तर शीट २९ किलो. मरीन प्लायपेक्षा कमी, पण पॉप्लरच्या जवळपासही नाही. आणि मे महिन्यात गाडी उन्हात उभी होती, वरच्या कप्प्यात डाळ-तांदळाचे डबे होते. आठ दिवसांनी कप्प्याला मधोमध झोळ आला आणि तो परत सरळ झालाच नाही. पीव्हीसी उष्णतेने मऊ पडतं, त्यात ताडपत्रीखालची हवा. स्क्रूही दोन-तीनदा काढून घातला की भोक गुळगुळीत होतं. पाणी लागणाऱ्या छोट्या भागांना, उदाहरणार्थ बेसिनखालच्या पडद्याला, ते बरं. भार घेणाऱ्या आडव्या फळीला नको.

पोळपाट_लाटणं

माळरान, आम्ही ब्रिस्बेनला. अकरा वर्षं कॅम्पिंग करतोय, तीन वेळा ओटा बदलला. साहित्यावर सगळे दादालोक बोलले, मी त्यावर काम काय होणार आहे ते सांगते.

तुमच्या आई येणार म्हणजे पोळ्या होणार. पोळी लाटताना आपण अंगाचा भार पोळपाटावर टाकतो, पुढे-मागे, पुढे-मागे. ट्रेलरमधून बाहेर ओढायचा ओटा असेल आणि त्याला पुढे पाय नसेल, तर तो प्रत्येक लाटणीला खाली-वर होतो. आमचा पहिला ओटा असाच होता. इथल्या लोकांच्या गरजेला तो पुरत असावा, त्यांना सॉसेज उलटायचे असतात. मी दोन दिवसांत जमिनीवर चटई टाकून लाटायला बसले. दुसऱ्या ओट्याला ॲल्युमिनियमचा घडीचा पाय लावला, त्याचं वजन अर्धा किलो. त्या अर्ध्या किलोने जे सुख दिलं ते पंधरा किलोंच्या चॅनलने दिलं नव्हतं. पायाची लांबी कमी-जास्त करता यायला हवी, जमीन कधीच सपाट नसते. उंची आईंच्या कोपराला मोजून ठेवा, तुमच्या नव्हे.

चॅनलचं म्हणाल तर दुकानात एक जोडी हातात उचलून बघा. मीटरभर लांबीची, कुलूप पडणारी, सव्वादोनशे किलो क्षमतेची जोडी दहा किलोंच्या आसपास असते. फ्रीजला ती लागते. मसाल्याच्या खणाला, भांड्यांच्या खणाला नाही. आमचे ते खण पांढऱ्या पॉलिथिनच्या पट्टीवर सरकतात, वर मेणबत्ती घासते. लोखंडी चॅनलच्या छऱ्यांत लाल धूळ गेली की ती करकरतात, पट्टी पुसली की झालं.

शेगडीचं : फोमच्या सँडविचवर शेगडी थेट ठेवू नका. खाली स्टेनलेसचा पातळ पत्रा आणि पत्रा व फळीच्या मधे बोटभर हवा. वारा अडवायला तीन बाजूंनी पत्रा लावलात तर उष्णता अजून खाली परतते, त्याचा विचार करा. आणि गॅसची टाकी खणात किंवा बंद कप्प्यात कधीच नाही. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साचून बसतो. टाकी बाहेर, ट्रेलरच्या दांड्यावर. नळीचं काम परवानाधारक माणसाकडून करून घ्या.

भांड्यांचंही वजन करा. बिडाचा तवा घरी ठेवा, हिंडालियमचा कुकर आणि पातळ लोखंडी तवा घ्या. आमचे साडेतीन किलो तिथेच वाचले.

माळरान

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन दिवस वही घेऊन बसलो होतो. काही प्रश्न.

होडीवाला दादा, इपॉक्सीचं काम मी कधी केलेलं नाही. पहिल्यांदाच सगळी पेटी तशी करू का? इथे पॉलोनिया नावाच्या झाडाच्या जोडफळ्या मिळतात, अगदी हलक्या आहेत, काट्यावर ठेवल्या तर घनता तीनशेच्या आत निघाली. त्यांचे खण केले तर?

आणि ओटा मागच्या बाजूला ठेवू की कडेला? मागे ठेवला तर सावली मिळते.

होडीवाला

पॉलोनिया चालेल, मला त्याचा हेवाच वाटला, आमच्याकडे मिळत नाही. नखाने ओरखडा पडतो एवढं मऊ असतं, म्हणून खणाच्या चार भिंती पॉलोनियाच्या करा आणि तळ ४ मिमी प्लायचा. स्क्रू नको, डिंक आणि कोपऱ्यात लाकडी पट्टी. इपॉक्सीचं पहिलं काम म्हणून एकच छोटा खण करा. त्यावर उभे राहा. मोडला तर मला फोटो टाका, कुठे चुकलं ते सांगतो. हातमोजे घाला, इपॉक्सीची ॲलर्जी एकदा झाली की जन्मभर राहते. माझा एक चांगला कारागीर त्यामुळे हे काम सोडून गेला.

चाकण_एक्सप्रेस

ओट्याच्या जागेबद्दल : मागे जड नको. चाकाच्या मागे वजन वाढलं की गाडीच्या हुकवरचा भार कमी होतो आणि ट्रेलर वेगात डावी-उजवीकडे शेपूट हलवायला लागतो. तो एकदा हलायला लागला की सावरणं कठीण. हुकवर एकूण वजनाच्या दहा टक्क्यांच्या आसपास भार असावा असं सर्वसाधारणपणे धरतात, तुमच्या बाबतीत ११५-१२० किलो. गाडीच्या हुकची मर्यादाही पुस्तिकेत बघून घ्या. पाणी आणि बॅटरी चाकावर किंवा किंचित पुढे, ओटा हलका असेल तर मागे चालेल. मग हलकं साहित्य सगळ्यात आधी मागच्या भागात वापरा. तिथला वाचलेला एक किलो पुढच्या किलोपेक्षा मोलाचा.

बॅटरीचंही बघा. २८ किलोंची शिशाची देऊन लिथियम आयर्न फॉस्फेट घेतलीत तर बारा किलोंत काम होतं. खर्च आहे, पण सोळा किलो म्हणजे तुमच्या सगळ्या उभ्या फळ्या.

सुतारपक्षी

आणि खिट्ट्या. चुंबकाच्या नकोत, पहिल्याच मातीच्या रस्त्यावर खण बाहेर येतील. दाबून बसणाऱ्या, आतून ओढून धरणाऱ्या घ्या. त्यांच्या ओढीने दाराच्या रबरी पट्टीवर दाब राहतो, धूळही अडते.

माळरान

मंडळी, चार महिने झाले, परवा ट्रॅकहून परत आलो. सगळं सांगितल्याशिवाय हा धागा बंद करायचा नव्हता.

काय केलं : उभ्या फळ्या आणि कप्पे १२ मिमी पॉप्लर, गाळे कापून. फ्रीजच्या खणाभोवती ॲल्युमिनियमचा चौकोनी पाईप, रिवेट आणि त्रिकोणी पट्ट्या. ओट्याचा पृष्ठभाग फोमचं सँडविच, वर शेगडीखाली ०.८ मिमी स्टेनलेस. चार खण पॉलोनियाचे, एक होडीवाला दादांच्या टाक्यांच्या पद्धतीने. तो एक खण करायला मला दोन शनिवार-रविवार लागले आणि सगळ्यांत जास्त प्रेम माझं त्याच्यावरच आहे.

वजनं, न्हाणीघरातल्या काट्यावर एकेक भाग ठेवून : फळ्या आणि कप्पे २३ किलो, पाईपचा सांगाडा ४, खण मिळून ९, ओटा पायासकट ७, फ्रीजचं चॅनल १०, बिजागऱ्या-खिट्ट्या-रिवेट-वार्निश ५. एकूण ५८. निघायच्या आदल्या दिवशी सार्वजनिक वजनकाट्यावर भरलेला ट्रेलर नेला, ११५० किलो. हुकवर ११८. बॅटरी बदलली होती, बिडाचा तवा आईच्या आग्रहाखातर होता.

ट्रॅकवर : कटी थंडा, म्हणजे लेक आयरच्या काठी पोचलो तोवर एकही खण उघडला नव्हता. विल्यम क्रीकला आईने ओट्यावर वीस पोळ्या केल्या. पाय वाळूत रुतत होता म्हणून खाली लाकडाची चकती ठेवली, मग ओटा घरच्यासारखा स्थिर राहिला. ती म्हणाली, "उंची बरोबर आहे." पोळपाट ताई, हे वाक्य तुमचं आहे.

काय बिघडलं : दोन गोष्टी. दाराच्या खालच्या कडेला रबरी पट्टी सलग नव्हती, दोन तुकड्यांच्या फटीतून तांबडी धूळ आली आणि कणकेच्या डब्यावर थर बसला. ती पट्टी अखंड घ्यायला हवी होती. दुसरं, फ्रीजच्या खणाच्या मागच्या डाव्या कोपऱ्यात दोन रिवेट सैल झाले. बघितलं तर तिथे त्रिकोणी पट्टी लावायची राहून गेली होती, सोळा कोपऱ्यांपैकी नेमका तोच. बाकी पंधरा जसेच्या तसे.

वेल्डिंगवाला_कोल्हापूर

दादा, लय भारी काम. पण त्या कोपऱ्यात तेच रिवेट परत ठोकू नका. भोकं आता अंडाकृती झाली असतील. मोठ्या मापाचं ड्रिल मारून जाड रिवेट घाला, ३.२ होते तर ४.८ करा. पट्टी २ मिमीची, दोन्ही पाईपवर तीन-तीन रिवेट बसतील एवढी लांब. आणि शेजारच्या कोपऱ्याचे रिवेट पण नखानं हलवून बघा. एक सैल झाला की त्याचा भार शेजाऱ्यानं घेतलेला असतो.

माळरान

आत्ताच जाऊन बघितलं. शेजारचा एक नखाला किंचित हलतोय. भोकं तुम्ही म्हणालात तशीच झाली आहेत. ४.८ चे रिवेट आणि पट्टी आणलीये, शनिवारी बसवतो. फळ्यांची कटाईची मापं आणि गाळ्यांचं चित्र धाकटा स्कॅन करतोय, ते झालं की इथेच टाकतो. घाटमाथा, तुमच्या पिकअपच्या पेटीची आतली लांबी-रुंदी कळवा, त्या मापाला चित्र बसवून देतो.